अमली पदार्थांचा चोरटा व्यापार आणि राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य

राज्यशास्त्राच्या अभ्यासात 'सार्वभौमत्व' ही संकल्पना आपण पहिल्याच वर्षी शिकतो. राज्याची सत्ता त्याच्या सीमेच्या आत सर्वश्रेष्ठ असते व सीमेबाहेर ती चालत नाही, असे तिचे ढोबळ स्वरूप सांगता येईल. परीक्षेपुरते एवढे पाठ करून विद्यार्थी पुढच्या प्रकरणाकडे वळतात. परंतु या विधानाचा उत्तरार्ध प्रत्यक्ष व्यवहारात किती अडचणीचा ठरतो हे पाहावयाचे असेल, तर अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापारासारखे दुसरे उदाहरण नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातमधील मुंद्रा बंदरात सुमारे तीन हजार किलो हेरॉइन पकडले गेले. माल अफगाणिस्तानातला, तो जहाजावर चढला इराणच्या बंदर अब्बास येथे, कागदोपत्री तो संगजिऱ्याचा दगड होता, आणि तो मागविणाऱ्या कंपनीचा पत्ता आंध्र प्रदेशातील विजयवाड्याचा होता. गुन्हा एकच, पण त्याचे तुकडे निरनिराळ्या राज्यांच्या हद्दींत पडलेले. आपल्याकडील फौजदाराला परदेशात जाऊन कोणाला बेड्या घालता येत नाहीत. नुसता जबाब घ्यावयाचा म्हटला तरी तेथील सरकारची परवानगी लागते.

यावर उपाय म्हणजे राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य, असे सर्व पाठ्यपुस्तके सांगतात. सहकार्य म्हटले की परिषदा, ठराव आणि हस्तांदोलनाची छायाचित्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात. माझ्या मते खरा प्रश्न याहून साधा आणि याहून कठीण आहे. एका देशाच्या अधिकाऱ्याला जे कळले, ते दुसऱ्या देशाच्या न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहील काय? प्रस्तुत लेखात मी या विषयाकडे मुख्यतः याच दृष्टीने पाहणार आहे.

या सहकार्याचा इतिहास सांगू लागलो की आपल्याला थोडे ओशाळावे लागते. चीनच्या सम्राटाने १७२९ सालीच अफूच्या विक्रीवर बंदी घातली होती. तरीही ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ पासून बंगाल-बिहारच्या अफूची मक्तेदारी आपल्याकडे घेतली. कंपनी मोठी सावध. ती स्वतःच्या जहाजांतून अफू चीनला नेत नसे. कलकत्त्यास पेट्यांचा लिलाव होई आणि पुढची चोरटी वाहतूक खाजगी व्यापारी करीत. पश्चिमेकडे मात्र कंपनीचा हात पोहोचत नव्हता. होळकर व शिंदे यांच्या मुलखातील माळव्याची अफू तिच्या मक्तेदारीत येत नव्हती. कंपनीने मुंबई बंदर या मालाला बंद केले, तेव्हा तो आडवाटेने पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागला. चीनमध्ये बेकायदा माल पोहोचविणाऱ्या व्यापारावर जगणारी कंपनी दमणच्या आडवाटेविरुद्ध तक्रारी करीत होती, हा इतिहासातील एक विनोदच म्हणावा लागेल. शेवटी १८३१ मध्ये कंपनीने हात टेकले आणि ठराविक शुल्क भरून परवाना घेतला की माळव्याची अफू मुंबईहून पाठविता येईल असे ठरविले. मुंबईतील कित्येक पेढ्यांची भरभराट या व्यापारातून झाली आहे. चीनचा अधिकारी लिन त्सेश्यू याने १८३९ च्या जून महिन्यात वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली, त्यानंतर इंग्रजांनी चीनशी युद्ध पुकारले, हा भाग आपल्या परिचयाचा आहेच.

मला महत्त्वाचा वाटतो तो याच कथेचा शेवट. त्याचा उल्लेख आपल्या पुस्तकांत फारसा येत नाही. १९०६ मध्ये चीनने दहा वर्षांत अफू संपविण्याचा निर्धार जाहीर केला. पुढच्या वर्षी ब्रिटनशी करार झाला आणि १९०८ पासून हिंदुस्थानातून होणारी निर्यात दरवर्षी ५,१०० पेट्यांनी कमी करावयाची असे ठरले. अट अशी, की चीननेही आपल्या देशातील खसखशीची लागवड त्याच प्रमाणात घटवावी. म्हणजे दोन्ही पक्षांना एकमेकांच्या कामाची खात्री करून घेणे आले. म्हणून कलकत्त्याचा लिलाव व पेट्या बांधण्याचे काम पाहण्यासाठी चीनला आपला एक अधिकारी पाठविण्याची मुभा देण्यात आली. पण त्याने फक्त पाहावयाचे होते, हस्तक्षेपाचा कोणताही अधिकार त्याला नव्हता. परक्या भूमीवर उभा राहून पाहणारा, नोंद करणारा, पण काहीही हातात न घेणारा अधिकारी! आज राष्ट्रांच्या वकिलातींतून जे संपर्क अधिकारी नेमले जातात त्यांची मर्यादा जवळजवळ हीच आहे. करार ठरलेल्या मुदतीच्याही आधी फळाला आला आणि १९१३ मध्ये हिंदुस्थानातून चीनला होणारी अफूची विक्री थांबली. सरकारी तिजोरीला यात मोठी खोट आली. तरीही नामदार गोखले यांनी अर्थसंकल्पावरील आपल्या भाषणात, चिनी जनतेच्या अधःपातावर उभ्या असलेल्या या उत्पन्नाची आपणास नेहमीच लाज वाटत आली आहे, अशा आशयाचे उद्गार काढले होते. हिंदी लोकप्रतिनिधी तिजोरीच्या तुटीपेक्षा शेजाऱ्याच्या हिताला अधिक महत्त्व देतो, याची नोंद आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य घ्यावी.

त्यानंतरचे करारमदार थोडक्यात सांगतो. १९०९ साली शांघाय येथे तेरा राष्ट्रे एकत्र आली, १९१२ मध्ये हेग येथे पहिला आंतरराष्ट्रीय अफू करार झाला, आणि पहिल्या महायुद्धानंतर हे काम राष्ट्रसंघाकडे गेले. १९३६ च्या जिनीव्हा कराराने चोरट्या व्यापाराला आंतरराष्ट्रीय गुन्हा मानण्याचा पहिला प्रयत्न केला, पण फारच थोड्या राष्ट्रांनी तो स्वीकारला. संयुक्त राष्ट्रांच्या काळात १९६१ व १९७१ चे करार झाले. त्यांचा भर लागवड, उत्पादन व औषधी वापर यांच्या नियमनावर होता. तस्कर आणि त्याचा पैसा यांच्यामागे लागणारा करार व्हावयास १९८८ साल उजाडले.

मधल्या काळात आपल्याकडे काय घडत होते? इराणमधील क्रांती व अफगाणिस्तानातील युद्ध यांनंतर पश्चिमेकडे जाणाऱ्या हेरॉइनला भारताचा मार्ग सोयीचा वाटू लागला. मार्गावरचा देश कोरडा राहत नाही. थोडा माल वाटेतच सांडतो. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत ब्राऊन शुगर आली, आणि मराठीत 'गर्द' हा शब्द एका निराळ्याच अर्थाने रूढ झाला. अनिल अवचट यांचे त्याच नावाचे पुस्तक अनेकांनी वाचले असेल. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेले 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र याच काळातले. १९३० च्या जुन्या कायद्यात या गुन्ह्याला पहिल्या खेपेस फार तर तीन वर्षांची शिक्षा होती. तो अपुरा ठरला आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा नवा कायदा अमलात आला. १९८६ च्या मार्चमध्ये केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभाग, म्हणजे ज्याला वर्तमानपत्रे 'एनसीबी' म्हणतात तो, स्थापन झाला. १९९० मध्ये भारत १९८८ च्या व्हिएन्ना करारात सामील झाला.

या करारातील दोन कलमे विशेष अभ्यासण्यासारखी आहेत. पहिले अकरावे, 'नियंत्रित पोहोच' या पद्धतीविषयीचे. हा विषय शिकविताना वर्गात हटकून एक प्रश्न येतो: माल सापडला तर तो जप्त करून मोकळे का होत नाहीत? प्रश्न रास्त आहे. समजा, न्हावाशेवा बंदरात मसाल्याच्या पेट्यांत लपविलेला माल सापडला आणि तो युरोपातील एखाद्या बंदरात जावयाचा आहे. तेथेच जप्त केला तर हाती काय लागेल? माल आणि बहुधा एखादा माल चढवून देणारा दलाल, ज्याला आत काय आहे हेही ठाऊक नसेल. पाठविणारा आणि घेणारा दोघेही सावध होतील व पुढच्या खेपेस दुसरे बंदर शोधतील. त्याऐवजी अधिकारी पंचांसमक्ष पेटी उघडतात, नमुना काढतात, माल तसाच ठेवतात किंवा काही वा सर्व माल काढून त्या जागी निरुपद्रवी भुकटी भरतात, पेटी पूर्ववत बंद करतात आणि तिला जाऊ देतात. वाटेतील प्रत्येक देशाला आगाऊ खबर दिलेली असते. पलीकडे पेटी घ्यावयास जो येतो, आणि त्याच्यामागे जो उभा असतो, त्याला धरावयाचे.

आपल्या कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने ५०-क हे कलम घालून यास मान्यता दिली आहे. एनसीबीचे महासंचालक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी हे करू शकतो. माल परदेशी जाणार असेल तर तेथील सक्षम अधिकाऱ्याशी विचारविनिमय आवश्यक आहे. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात ज्याच्या हातात माल आहे त्याने तो सोडून द्यावयाचा असतो, आणि आपल्याकडील पद्धतीत जप्तीचा आकडा हाच कर्तबगारीचा आकडा मानला जातो. शिवाय वाटेत पेटी हरवली तर जबाबदारी कोणाची? पलीकडच्या खात्यातच कोणी फितूर निघाला तर? करारात म्हटले आहे की प्रत्येक प्रकरणाचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा, आणि गरज पडल्यास खर्चाची वाटणीही ठरवावी. परंतु सुटीच्या दिवशी, मध्यरात्री, जहाज सुटावयास सहा तास उरले असता पलीकडे दूरध्वनी उचलणारा माणूस ओळखीचा असेल तरच हे सारे जमते. परिषदांवर होणारा खर्च मला पूर्वी व्यर्थ वाटे. या एका कारणासाठी तो मला आता तितकासा व्यर्थ वाटत नाही.

दुसरे कलम नववे. त्याच्या शीर्षकातच 'सहकार्य' आणि 'प्रशिक्षण' हे दोन शब्द एकत्र येतात. तस्करीचे मार्ग व लपविण्याच्या युक्त्या ओळखणे, आयात-निर्यातीवर लक्ष ठेवणे, गुन्ह्यातून आलेला पैसा शोधणे, मुक्त व्यापार क्षेत्रे व मुक्त बंदरे यांच्यावर नजर ठेवणे, पुरावा गोळा करणे, अशा गोष्टींचे शिक्षण प्रत्येक राष्ट्राने आपल्या अधिकाऱ्यांना द्यावे असे त्यात सांगितले आहे. आपल्या देशात सीमाशुल्क व अमली पदार्थविषयक खात्यांच्या अधिकाऱ्यांसाठी राष्ट्रीय अकादमी आहे. परदेशांत अमेरिकेने यजमान देशांच्या मदतीने बुडापेस्ट (१९९५) व बँकॉक (१९९८) येथे पोलिसांच्या आंतरराष्ट्रीय प्रबोधिनी उभारल्या. यांतील यादीत 'पुरावा गोळा करणे' हा विषय इतर विषयांच्या रांगेत मुकाट्याने बसलेला असतो. माझ्या मते तो पहिला असावयास हवा.

कारण असे, की पुरावा म्हणजे काय याविषयी प्रत्येक देशाच्या न्यायव्यवस्थेची समजूत वेगळी असते. आपल्याकडे पंचनामा होतो, मुद्देमालावर लाखेची मोहोर लागते, पंचांच्या सह्या होतात. फ्रान्ससारख्या देशात गंभीर गुन्ह्याच्या तपासाची सूत्रे तपास न्यायाधीशाकडे जातात, त्यामुळे तेथील कागदाची घडणच निराळी असते. मराठीत लिहिलेला पंचनामा भाषांतर होऊन परदेशी न्यायालयात जातो, तेव्हा तेथील वकील पहिला प्रश्न विचारतो की हे पंच कोण आणि ते येथे साक्षीला येणार काय. उलट बाजूने येणाऱ्या कागदांसाठी आपल्या कायद्याच्या कलम ६६ मध्ये सोय आहे. परदेशातून रीतसर प्रमाणित होऊन आलेला दस्तऐवज, उलट सिद्ध होईपर्यंत, खरा आहे असे न्यायालय धरून चालते. औपचारिक मदत हवी असेल तर आपले न्यायालय परदेशी न्यायालयाला विनंतीपत्र पाठविते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६६-क खाली होई, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली होते. नव्या संहितेने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरणही आवश्यक केले आहे. परक्या न्यायाधीशाला भाषांतरित पंचनाम्यापेक्षा ते चित्रीकरण अधिक बोलके वाटेल, असा माझा अंदाज आहे.

आपली न्यायालये या बाबतीत ढिलाई खपवून घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ज्या कायद्यात दहा ते वीस वर्षांची शिक्षा आहे, जामीन दुर्मिळ आहे, त्यात झडतीचे नियम हाच आरोपीचा आधार असतो. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती होण्याचा हक्क आरोपीला सांगितलाच पाहिजे, असे बलदेव सिंग खटल्यात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरविले. तूफान सिंग खटल्यात (२०२०) त्याच न्यायालयाने बहुमताने म्हटले की या कायद्याखाली तपास करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा होऊ शकत नाही. या निर्णयानंतर खात्यांत नाराजी होती असे म्हणतात. मला तो आवश्यक वाटतो. कबुलीवर विसंबण्याची सवय सुटली तरच पैशाचा माग, दूरध्वनीच्या नोंदी, जहाजाचे कागद यांच्याकडे लक्ष जाईल, आणि यांतील बरेचसे परदेशातूनच यावयाचे असते.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळील एका औषध कारखान्यातून सुमारे अठरा टन एफिड्रिन जप्त केले. एफिड्रिन हे स्वतः सर्दी-दम्याच्या औषधांत वापरले जाणारे द्रव्य. त्यापासून मेथॅम्फेटामाइन हे घातक मादक द्रव्य तयार करता येते, म्हणून आपल्या कायद्यात ते 'नियंत्रित पदार्थ' ठरले आहे. हा माल आफ्रिकेत नेण्याचा कट परदेशात शिजला असा पोलिसांचा आरोप होता, आणि तपासात अमेरिकेच्या संबंधित खात्याशीही संपर्क झाला होता. जप्ती प्रचंड होती. पण या प्रकरणातील एका आरोपीविरुद्धची कारवाई मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केली. केनियातील एका बैठकीस ती व्यक्ती हजर होती एवढे मान्य केले, तरी नुसत्या हजेरीवरून गुन्हा सिद्ध होत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. बैठक समुद्रापलीकडे, आणि तीत काय ठरले ते सिद्ध करावयाचे मात्र मुंबईत. त्या व्यक्तीवर आठ वर्षे आरोपाची टांगती तलवार राहिली. तपास अपुरा राहिला तर दोषी सुटतो एवढेच नाही, ज्याच्याविरुद्ध पुरेसे काही नाही असा माणूसही वर्षानुवर्षे अडकून पडतो.

या सहकार्याची आणखी एक बाजू आहे, आणि ती फारशी कोणी बोलून दाखवीत नाही. काही देशांत या गुन्ह्याला फाशी आहे. सिंगापूर व इंडोनेशिया यांची नावे आपण वाचतोच. युरोपातील बहुतेक राष्ट्रांनी फाशी रद्द केली आहे. मग ज्या माहितीमुळे परक्या देशात कोणी फासावर जाईल ती माहिती द्यावी काय? युरोपीय राष्ट्रे आरोपी सोपविण्यापूर्वी फाशी न देण्याची हमी मागतात. आपल्या प्रत्यार्पण कायद्यात १९९३ मध्ये आलेले ३४-ग हे कलम अशा वेळी फाशीऐवजी जन्मठेपेची तरतूद करते. परंतु प्रत्यार्पण ही उघड, न्यायालयासमोर होणारी गोष्ट आहे. पोलिसांनी पोलिसांना दिलेली खबर कोणत्याही न्यायालयापुढे येत नाही, आणि तिला अशी अट जोडणे अवघड असते. माझे मत असे, की ज्या देशाचे अधिकारी अशी खबर देतात त्यांनी तिचा शेवट कोठे होणार याचा विचार आपल्या कामाचाच भाग मानला पाहिजे.

शेजाऱ्यांविषयी थोडे लिहून थांबतो. मंदसौर, नीमच, चित्तोडगड या पट्ट्यात आजही सरकारी परवान्याने खसखशीची शेती होते. १८१८ साली होळकरांनी इंग्रजांशी तह केला तो याच मंदसौरला. ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स आयुक्तांची देखरेख तेथील शेतीवर असते, तरी थोडी अफू चोरवाटेने बाहेर पडतेच. अफगाणिस्तानात एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने लागवडीवर बंदी घातली. पुढच्या वर्षी तेथील पीक अगदी नगण्य झाले आणि अफूच्या उत्पादनात म्यानमार पहिल्या क्रमांकावर गेला. त्या देशाशी आपला सहकार्याचा करार १९९३ चा आहे. मात्र २०२१ च्या लष्करी उठावानंतर तेथील सीमाभागाचा मोठा हिस्सा सरकारच्या ताब्यात राहिलेला नाही, त्यामुळे करार ज्याच्याशी झाला त्याचा हुकूम त्या भागात चालत नाही. सार्क राष्ट्रांनीही १९९० मध्ये माले येथे असा करार केला, तो १९९३ पासून अमलात आहे. पण सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर भरलेली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानच्या समुद्रात आपल्या तटरक्षक दलाने म्यानमारचे नागरिक असलेली एक मासेमारी नौका पकडली, तीत साडेपाच ते सहा हजार किलो मेथॅम्फेटामाइन होते. नौका व माणसे आपल्या हाती आली. तो माल बनविणारे कारखाने ज्या डोंगराळ भागात आहेत असे तज्ज्ञ सांगतात, त्या शान प्रांतात आपल्या न्यायालयाचे विनंतीपत्र नेमके कोणाच्या हाती पडावे, याचे उत्तर सध्याच्या कोणत्याही करारात लिहिलेले नाही.